समोरून आलेला तुकडा

मी मेंढ्या कातरणाऱ्या टोळीचा ट्रक चालवतो. त्या नोव्हेंबरात आमच्या तीन गाड्या पातागोनियाच्या माळावरून दक्षिणेला निघाल्या होत्या. पुढे मुकादम ओयार्सोची पिकअप, मध्ये यंत्रं आणि स्वयंपाकाचं सामान घेऊन माझा ट्रक, मागे कातरणाऱ्यांची बस. पश्चिमेला ढग चढत होते. भिजलेली मेंढी कातरता येत नाही, म्हणून वाटेत कुठंही थांबायचं नाही, असं मुकादमानं बजावलं होतं.

माझ्या शेजारी आमची स्वयंपाकीण सुलेमामावशी बसली होती. साठी उलटलेली बाई. दीड वर्षाची असताना तिचा बाप घोड्याखाली सापडून गेला. त्याचा फोटोसुद्धा नव्हता. आदल्या दिवशी भाचीनं कळवलं होतं, की जुन्या रेडिओ केंद्राच्या कपाटात एक टेप निघालीय आणि तीत तो बोलतोय. पूर्वी माळावरच्या लोकांना निरोप रेडिओवरूनच जायचे. एरवी केंद्रातली बाई ते वाचून दाखवायची, पण ह्यानं बायकोला निरोप स्वतः सांगायचा हट्ट धरला होता. काही निसटायला नको म्हणून भाचीनं मोबाइलवर अख्खी टेप पाठवली होती.

त्या रस्त्यावर दीडशे किलोमीटरला एक इंटरनेटचा खांब. चालती गाडी त्याच्या टप्प्यात जेमतेम पाऊण मिनिट राहते. विद्यापीठातल्या एका बाईनं त्या वर्षी बऱ्याच गाड्यांच्या टपावर करडे डबे बसवले होते. खांबावरून प्रत्येक गाडीनं थोडंथोडं उचलायचं आणि चालता चालता एकमेकींना द्यायचं. उरलेला तुकडा पुढच्या खांबावरून समोरची गाडीही आणेल, असं ती म्हणाली होती. मी तिला माते, आमचा कडू चहा, पाजला होता. विश्वास ठेवला नव्हता.

खांब आला आणि गेला. मावशीच्या मोबाइलवर तीस टक्के दिसले. मग पिकअपनं उचललेलं आलं, बसचं आलं, आणि आकडा एक्क्याण्णववर थांबला.

“नऊ राहिले,” मावशी म्हणाली. “तो नेमका त्याच नऊत असणार.”

पाऊण तास नुसता माळ. मग समोर धुरळा दिसला. मेंढ्यांनी भरलेला दुमजली ट्रक होता. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, मीही उचलली. धुरळ्यातून बाहेर पडलो तेव्हा आकडा शंभर झाला होता.

तो माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. एका मेलेल्या माणसाचा आवाज टपावर घेऊन तो तासभर ट्रक हाकत आला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मी ट्रक कडेला घेतला. मागे बस थांबली. मावशीनं बोट ठेवलं. खरखर, कुणीतरी खोकलं, मग एक कोवळा, घाईचा आवाज आला.

“रोसाउरा, नदीला पूर आहे. मंगळवारी येतो. सुलेमाचे बूट घेतलेत. मोठे आहेत, पण असू दे, पोर वाढतेय.”

एवढंच. मग दुसऱ्या कुणाचा तरी निरोप सुरू झाला.

तोवर मुकादम उलटा फिरून आला होता. खिडकीशी येऊन त्यानं विचारलं, की कुणाला विचारून थांबलात? मी मोबाइलकडे बोट दाखवलं. मावशीनं तो निरोप पुन्हा लावला. बसमधली माणसं खाली उतरून भोवती उभी राहिली होती. वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून मुकादमानं दोन्ही हातांनी मोबाइलला आडोसा धरला.

“आणखी एकदा लाव,” तो म्हणाला.

पावसानं आम्हाला तिथंच गाठलं. पुढे दोन दिवस एकही मेंढी कातरली गेली नाही, आणि मुकादमानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ट्रक पुन्हा सुरू केला तेव्हा मावशीनं मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “केवढासा होता रे. माझ्या नातवाएवढा. मी आजवर त्याला म्हातारा समजत होते.”