दोन टाचण्यांमधला दोरा

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल. कमरेतून जरा कललेला, तरी साऱ्या जगाची खबर असल्याचा तोरा मिरवणारा. कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं आणि वर नकाशाच्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या. एका शिंप्याने आपल्या शाळकरी लेकीसाठी मला घरी आणलं. ती अभ्यास कमी करायची आणि मला गरगर फिरवायची जास्त. ते माझे सुखाचे दिवस होते.

लेक मोठी झाली, नोकरीसाठी समुद्रापार गेली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिची आठवण निघाली की शिंपी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावायचा आणि बायकोला म्हणायचा, "अगं, केवढं लांब आहे हे! तुला झेपायचं नाही." बाई मुकाट्याने काजं करत बसायची. लेकीला पाहून तिला कित्येक वर्षं झाली होती.

एकदा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, विमान सरळ नाही जात. पार वर बर्फावरून जातं."

"सरळ रस्ता सोडून वळसा कशाला घालतात हे लोक?" शिंपी वैतागला. जन्मभर सपाट कापड मापलेला माणूस तो!

बाईने मात्र मला खाली उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि दोन्ही विमानतळांच्या जागी टाचण्या टोचल्या. जरा दुखलंच. तिने दोरा ताणला, तर तो आपोआप वर सरकून बर्फावर जाऊन बसला. नवऱ्याच्या नकाशातल्या सरळ रस्त्याने नेला, तर तोच दोरा बोटभर कमी पडू लागला.

"अहो, बघा! बोटभर जवळ आली आपली पोर!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

मग ती रोज त्या दोऱ्यावरून बोट फिरवू लागली. शेवटी तिने जायचं ठरवलं. शिंप्याला उंचीची भीती, पण बोलून दाखवलं ते वेगळंच. "दुकान कोण बघणार?" विमानाला चौदा तास लागतात हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे अस्तरासकट एक कोट." वेळ मोजायची त्याची हीच रीत. विमान उडालं तसं त्याने माझ्यावरच्या दोऱ्यात एक बटण ओवलं आणि कोट शिवायला घेतला. एकेक तुकडा जोडला की ते बटण थोडं पुढे सरकवायचा. कोट पुरा झाला, बटण दुसऱ्या टाचणीला टेकलं, तरी फोन वाजेना. इस्त्री केलेल्या कोटालाच तो पुन्हा इस्त्री करत राहिला.

अखेर फोन आला. "पोचले हो. पोर वाळलीये जरा, पण मजेत आहे." मग म्हणाली, "अहो, इथून आता तुम्हीच फार लांब वाटता."

शिंप्याने फोन ठेवला. त्याने माझ्यावर पंजा पसरला. अंगठा एका टाचणीवर, करंगळी दुसरीवर. दोन्ही एका हातात मावत होत्या. महिन्याभरात त्याने कागदपत्रं केली, दुकानाला कुलूप लावलं आणि तोही निघाला. विमानात डोळे गच्च मिटूनच बसला असणार.

आता घर बंद आहे. माझ्यावर धूळ साचते आणि टाचण्यांना गंज चढतो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. माझं मागणं निराळं आहे. माझ्यावर बोट ठेवून ज्याची आठवण काढता, त्याच्याकडे एकदा जाऊन या. आणि परत आलात की मला पुसायला विसरू नका. तोवर मी दाराकडे बघत बसलेला असतो.