टपाल कुठल्या कॉलेजात जाणार?

दूरचं कॉलेज: दोन परभाषा सक्तीच्या, शेवटच्या वर्षी वकिलातीत काम.

काच पुन्हा बोटभर आखूड.

जवळचं कॉलेज: राज्यशास्त्र, त्यात आंतरराष्ट्रीय संबंधांचा एकच पेपर. चालत जाता येतं.

‘त्या गाढवाला सांग.’

शाळेतल्या बाई म्हणाल्या, भाषा शिकवतात तिथे जा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, भाषा काय, कुठेही शिकता येतात.

हे सगळं एकाच दुपारी, एकाच डोक्यात. डोकं टपालचं. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नसत. निरोप ही पोरगी नेई, म्हणून घरात तिला टपाल म्हणत. दुकान एकच, मधे फळी. अलीकडे बाबा तसबिरींच्या चौकटी ठोकत, पलीकडे काका त्यांत बसणारी काच कापत. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता येत नव्हतं, पण अबोला नेटाने चालवला होता. छताचा पंखा तेवढा वाटून घेता आला नाही; तो फळीच्या वरून दोघांनाही वारा घालायचा.

बाबा म्हणत, ‘त्या गाढवाला सांग, काच आखूड आलीय.’ टपाल रस्त्यावरून वळसा घालून पलीकडे जाई. ‘काका, ही जराशी आखूड वाटतेय का, बघता?’

‘त्याची चौकटच वाकडी. त्याच्यासारखी.’

ती परत येऊन सांगे, ‘काका म्हणाले, चौकटही एकदा बघून घेऊ.’

पलीकडे रेडिओ ठणाणत असे, त्यामुळे मूळ शब्द कुणाच्या कानावर जात नाहीत, अशी तिची खात्री. याच जोरावर तिला आंतरराष्ट्रीय संबंध शिकावेसे वाटत होते. आणि याचमुळे पाय निघत नव्हता. ती गेली तर दुकानाचं काय?

कॉलेजला कळवायचा आज शेवटचा दिवस.

‘काय ठरलं, टपाल?’ बाबांनी विचारलं.

‘सकाळी दूरचं ठरलं होतं. जेवताना जवळचं. आता नुसतं गरगरतंय.’

‘त्याला विचार. दीडशहाणा आहे, बोलेलच काहीतरी.’

ती वळसा घालून गेली. काका म्हणाले, ‘दूर जा. इथे राहून काय काच कापणार? आणि तुझ्या बापाला सांग, पोरीला दावणीला बांधू नकोस. स्वार्थी कुठला!’

ती परतली.

‘काय म्हणाला?’

‘काका म्हणतात...’ ‘दूर जा’ एवढंच सांगितलं, तर ते काकांचं की तिचं स्वतःचं? तेही गाळलं, तर ते बाबांसाठी की भीतीपोटी? इतकी वर्षं निरोप धुऊनपुसून दिले. आज त्यातला खरा कोणता, तेच तिला कळेना.

पलीकडे रेडिओ बंद झाला.

‘स्वार्थी म्हणालो,’ फळीवरून काकांचा आवाज आला. ‘सांग की!’

बाबांची हातोडी थांबली. ‘ऐकलं मी,’ ते फळीकडे बघत म्हणाले. ‘वाकड्या चौकटीचंही ऐकलंय. बहिरा नाहीये.’

‘मग पाठव तिला.’

‘पाठवतोच आहे. तू काच नीट काप.’

टपालने दूरच्या कॉलेजला फोन लावला. ‘नक्की ना?’ फोनवरून विचारलं. ‘नक्की,’ ती म्हणाली. मग रस्त्यावर उभी राहिली. इतकी वर्षं आपण नेमकं काय पोचवत होतो, हे काही केल्या तिला उमगेना.

फळी बसवली तेव्हा ती छतापर्यंत नेऊ नकोस, असं दोघांनी सुताराला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.