माग थांबले तेव्हा

सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या महिला केंद्राची आणि सिंधूच्या खोलीची भिंत एकच होती. गल्लीत दोन्हीकडे विजेवरचे माग धडधडत असत. कारखान्यांना सुट्टी असे त्या दिवशीच नवऱ्याचा मार खाताना तिचं ओरडणं आम्हाला ऐकू येई. म्हणून आम्ही ठरवलं, दर सुट्टीला चौघींनी तिच्या ओट्यावर बसून धान्य निवडायचं. सुट्टीच्या दिवशी भिंतीपलीकडे शांतता नांदू लागली.

"चार सुपांना घाबरला मेला!" आमच्या चौघींतली भागामावशी हसली. मी वहीत लिहिलं, मारहाण थांबली.

सिंधू मात्र वाळत चालली होती. विचारलं, की भिंतीकडे बघून म्हणे, "तुम्हाला काय वेगळं सांगू, ताई?"

एका मंगळवारी भरदुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले आणि त्या अवचित शांततेत तिची किंकाळी उघडी पडली. ती तेव्हा सुरू झाली नव्हती. केव्हापासून चाललेली होती.

आम्ही वरवंट्याने कडी तोडली. रात्रपाळीहून आलेला नवरा हातात पट्टा घेऊन उभा होता. मावशीने वरवंटा उगारला तसा तो बाजूला झाला. सिंधूला आम्ही केंद्रात आणलं.

"हाक का नाही मारलीस गं?" मावशीने विचारलं.

"रोज हाका मारत होते. याच भिंतीला तोंड लावून. वाटलं, ऐकताय तुम्ही."

तेवढ्यात वीज आली आणि माग पुन्हा धडधडू लागले. सिंधूचे ओठ हलत होते, शब्द मात्र पोचत नव्हते. मी वही मिटली आणि कान तिच्या तोंडाशी नेला.