अंगावरचं माप

पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर सहाच्या बाजारात हिरालाल मास्तरांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. दुपारची पाळी सुटली की समोरून सायकलींचा लोंढा जाई, लाल धूळ उडे, म्हणून मास्तर दारावर ओलं फडकं टाकून ठेवीत. त्या फडक्याच्या आत मशीनवर वाकून सत्यशीला ब्लाउजला बाही जोडत बसे. वय सोळा-सतरा, शिक्षण सातवीपर्यंत.

तिचे वडील फकिरा मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा ते खलाशी म्हणून, म्हणजे अवजड सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर, लागले आणि रुआबांध्याच्या वस्तीत दोन खोल्या बांधून राहिले. आई रुक्मा रशियन इंजिनिअरांच्या घरी धुणीभांडी करी. तिथल्या बाईंनी रद्दीत काढलेली फॅशनची मासिकं तिने पोरीला आणून दिली. त्यातली भाषा सत्यशीलेला कळत नव्हती, चित्रं मात्र कळत होती. जुन्या वर्तमानपत्रावर ती ते कपडे कापी, धाकट्या बहिणीच्या अंगावर टाचण्यांनी लावून बघे. हेच काम करायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं. दुर्गच्या शिवणवर्गाने मॅट्रिकचा दाखला मागितला. तिथल्या एका मोठ्या दुकानात डिप्लोमा विचारला आणि ती बाहेर पडेपर्यंत आतले कारागीर हसत राहिले. एकट्या हिरालाल मास्तरांनी तिच्यापुढे तुकडा आणि कात्री टाकली, तिचा हात पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून ये, बेटी. नाव फक्त शीला सांगजो. आडनावाची जरूरत नाही."

का जरूरत नाही, ते तिला समजलं होतं. पण कात्री हातात आली होती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती शीला झाली.

वर्षभरात तिची बाही टाउनशिपभर पसरली. खांद्याला बारीक चुण्या, खाली हाताला धरून उतरणारी, आणि कोपरावर तिरपी पट्टी. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला निम्म्या बायकांच्या अंगावर तीच दिसे.

त्या मंडळात पुढे असणाऱ्या सिंधुताई फोरमनच्या पत्नी होत्या. वैशाखात त्यांच्या बेबीचं लग्न होतं, म्हणून लेकीला घेऊन त्या दुकानात आल्या. सत्यशीला बेबीच्या पाठीवर टेप धरून माप घेत असताना त्यांनी सहज विचारलं, "कोनत्या गावची व तू, शीला?"

"भंडाऱ्याकडची, काकू."

"मंग आपल्याच भागातली. आडनाव काय?"

हिरालाल मास्तर खाकरले. सत्यशीलेने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मेश्राम. आमी बौद्ध आहो."

सिंधुताईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्यांनी फक्त बेबीचा दंड धरला आणि तिला टेपच्या विळख्यातून आपल्याकडे ओढून घेतलं. "आज राहू द्या, मास्तर. घरी पाहुणे येऊन राहिले."

आता आपल्याला काढून टाकतील, असं सत्यशीलेला वाटलं. तसं झालं नाही. उलट काम वाढलं. मास्तरांनी दुकानात मधोमध पडदा लावला. पुढे त्यांची बायको मथुरा गिऱ्हाइकांची मापं घेऊन मोठ्याने सांगे, मागे सत्यशीला कापी आणि शिवी. कोणी बाई दुकानात असेपर्यंत तिने पुढे यायचं नाही.

"तुले काम पाहिजे ना?" मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. "काम तर भेटूनच राहिलं."

तिने तेही गिळलं. एका संध्याकाळी इस्त्रीला कोळसे आणायला म्हणून ती मागच्या अंगणात गेली. खाटेवर तिने शिवलेले ब्लाउज पसरले होते आणि मथुरा तुळशीच्या डहाळीने त्यांवर लोट्यातलं गोमूत्र शिंपडत होती. मोतिया रंगाच्या रेशमावर पिवळे डाग उतरत होते. वास अंगणभर होता.

मथुरेला काही लपवावंसं वाटलं नाही. "शिंपडल्याशिवाय बाया नेतच नाहीत. कावून पाहून राहिली अशी? रोजचंच आहे थे."

त्या रेशमावर घामाचा थेंब पडू नये म्हणून सत्यशीलेने पदर कपाळाला बांधून टाके घातले होते. आता हे डाग दाबायला त्या बाया वरून अत्तर लावतील, मंडळात मिरवतील, एकमेकींच्या बाहीवरून हात फिरवतील. मूत अंगाला लागलेलं त्यांना चालतं. नालीशी बसून ती ओकली, चूळ भरली, आणि आपला टेप गळ्यात घालून पुढे आली.

"मी चालली, मास्तर."

"कुठं जाशील? ना मॅट्रिक, ना डिप्लोमा. कोन उभं करन तुले?"

"जिथं माया हात लागलेला चालते, तिथं."

घरी रुक्माने कपाळाला हात लावला. "आमी जनमभर हेच सोसलं, माय. तुया हाताले आता कुठं नाव भेटून राहिलं होतं."

"नाव कुठं भेटलं, आई? अर्धं तर मास्तरनंच पुसलं."

सुटीच्या दिवशी फकिरा दुर्गला गेले आणि एक जुनी हातमशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले. ओसरीवर पाटी लागली. तिच्यावर पूर्ण नाव होतं, सत्यशीला फकिरा मेश्राम. गिऱ्हाईक मात्र येईना. गल्लीतल्या दोघी-तिघी सोडल्या तर मशीन रिकामीच राही.

लग्न तोंडावर आलं तेव्हा सिंधुताईंची रिक्शा ओसरीपुढे थांबली. मास्तरांनी शिवलेली बाही बेबीच्या खांद्यावर चढत होती, हात वर होत नव्हता. सिंधुताई रिक्शातच बसून राहिल्या. बेबी एकटी आली आणि कापड ओसरीवरच्या खाटेवर ठेवून उभी राहिली.

"जुना ब्लाउज आनला आहे मापाले," सिंधुताई वरूनच म्हणाल्या. "त्यावरून शिव. हे जमलं तर मंडळाच्या साऱ्या बाया तुयाकडेच पाठवतो."

"मी अंगावरून माप घेते, काकू."

आतून रुक्मा पदराला हात पुसत बाहेर आली आणि लेकीकडे नजरेने विनवू लागली. सिंधुताईंनी क्षणभर विचार केला. "घे बाबा. लग्न आहे पोरीचं."

बेबीने हात पसरले. ती सत्यशीलेकडे बघून मनापासून हसली. "तुयासारखी बाही कोनालेच येत नाही व," ती हळूच म्हणाली. सत्यशीलेलाही बरं वाटलं. तिने टेप खांद्यावरून दंडावर आणला.

"बेबी, घरी गेल्याबरोबर डोक्यावरून पानी घेजो," रिक्शातून आवाज आला.

"हाव, आई," बेबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं. आपण काही वाईट बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं.

सत्यशीलेने टेप काढून घेतला. "हे मी नाही शिवत."

"कावून?" बेबीला खरंच कळलं नाही.

"माया हातानं तुले आंघोळ पडत असन, तर माया हाताचं कापड लग्नात कसं घालशील?"

सिंधुताईंचा आवाज चढला. "लय माज आला तुमाले. ए बाई, समजाव पोरीले. नाही तर थे कापड दे इकडं."

रुक्माने खाटेवरचं रेशीम उचललं. वरच्या जातीच्या माणसाला काही द्यायचं तर खाली ठेवून मागे सरायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती रिक्शापाशी गेली. सिंधुताईंनी पायाजवळची फळी दाखवली. "इथं ठेव."

रुक्माने ठेवलं नाही. दोन्ही हातांवर कापड धरून ती उन्हात उभी राहिली. गल्लीतल्या बाया दारांत आल्या. रिक्शावाला पेडलवर पाय ठेवून थांबला. "ठेव म्हटलं ना," सिंधुताई पुन्हा म्हणाल्या, आणि रुक्मा म्हणाली, "हातात देऊन राहिली, ताई. घ्याचं तर घ्या."

अखेर रिक्शात चढता चढता बेबीनेच ते घेतलं. बोटं बोटांना लागली. रिक्शा वळणावर पोचेपर्यंत तिने हात दोनदा लुगड्याला पुसला. ओसरीवरून ते स्पष्ट दिसलं.

मंडळाच्या बाया आल्याच नाहीत. ठेकेदाराकडे विटा वाहणाऱ्या मजूरबाया, रेजा, आल्या, रेल्वेतल्या कामगारांच्या लेकी आल्या, आणि हळूहळू सत्यशीलेची मशीन दिवसभर चालू लागली. हिरालाल मास्तर दुकानात राहिलेल्या तिच्या कागदी नमुन्यांवरून, चुण्या वाढवून, तीच बाही कापत राहिले. ती घालून कितीतरी प्रतिष्ठित बायका आजही समारंभांना जातात. त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी कधी तरी विचारावं, ही बाही पहिल्यांदा कोणी कापली, आणि कापणारीला तुम्ही आपल्या दारात तरी उभं केलंत का.