चाकामागचा दगड

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कालव्याच्या पुलाअलीकडच्या चढावर रविराजची मोटारसायकल एका दगडावर गेली. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन होते. गाडी आडवी झाली, कॅन उतारावरून गडगडत गेले आणि रविराज डांबरावर डोक्यावर आपटला. धुई इतकी दाट होती की वीस पावलांवर चहाची टपरी चालवणाऱ्या बनुबाईला माणूस दिसला नाही. तिने आधी फक्त कॅनचा आवाज ऐकला.

बजरंग त्या वेळी तिथून तीनशे मीटर पुढे, पुलावर, ट्रॅक्टरच्या सीटवर घोंगडी पांघरून बसला होता. आवाज त्यानेही ऐकला. कोणाची तरी ट्रॉली उलटली असेल, असे त्याला वाटले. मग एक रिकामा कॅन पुन्हा एकदा डांबरावर वाजला, आणि त्याने घोंगडी टाकली.

श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या कारखान्यापुढे रांग लागून तेव्हा चौथा दिवस होता. कारखान्याचे यार्ड तीनशे गाड्यांचे, आणि ऊस रोज पाचशे गाड्या. त्यात मंगळवारी ऊस आत ओढणारा पट्टा, म्हणजे गव्हाण, बंद पडली, चालू झाली, पुन्हा बंद पडली. यार्ड भरल्यावर रांग गेटबाहेर आली, गेटपासून पुलापर्यंत सव्वा किलोमीटर, पूल ओलांडून चढावर, आणि चढ उतरून गावाच्या वेशीपर्यंत. मोठ्या रस्त्याचे काँक्रीटचे काम निघाल्यामुळे अवजड ट्रकही आठवडाभर याच रस्त्याने वळवले होते. रस्ता साडेपाच मीटर रुंद. अर्धा उसाने अडवलेला, उरलेल्या अर्ध्यावर जाणारे आणि येणारे, दोन्ही. पुढे शहराच्या चौकात काय व्हायचे ते रोज व्हायचे. सकाळी आठ ते अकरा कोणी हलत नसे.

रांगेत कागदाचा नंबर नव्हता. जागा हाच नंबर. गाडी बाजूला घेतली की जागा गेली, जागा गेली की वेशीपासून पुन्हा सुरुवात. पुढची गाडी हलली आणि तुम्ही मिनिटभरात फट भरली नाही, तर मागचा भोंगा वाजवत शेजारून घुसतो. म्हणून माणसे सीटवरच जेवत, सीटवरच झोपत.

आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावर नुसत्या ब्रेकवर राहत नाहीत. मागच्या ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावावा लागतो. रांग हलली की दगड उचलून बरोबर घ्यायचा असतो. बहुतेक जण घेत नाहीत. उतरायचे, चाळीस फूट मागे जायचे, दगड घेऊन परत यायचे, तेवढ्यात फट जाते. पुढच्या थांब्याला रस्त्याकडेला दुसरा दगड मिळतोच.

बजरंगचा दगड मात्र पाथर्डीहून आला होता. मागच्या हंगामात एका बाईची स्कूटी अशाच दगडावरून घसरलेली त्याच्या बायकोने, सविताने, पाहिली होती. तिने दिवाळीनंतर निघतानाच घरामागचा एक चौकोनी दगड निवडला, इथे आल्यावर कारखान्यातून चुन्याचा खडा मागून आणून तो पांढरा केला, वर गेरूचा पट्टा ओढला. "लोकांचं लोकांपाशी. आपला दगड तरी अंधारात दिसू द्या," ती म्हणाली होती. रांग हलली की ती मडगार्डवरून उडी मारायची, दगड पोटाशी धरून ट्रॅक्टरमागे चालायची. रांगेतले ड्रायव्हर तिला हसायचे. छगन, जो नेहमी बजरंगच्या मागच्या नंबरला असायचा, तर म्हणायचा, "वहिनी, त्याचं नाव काय ठेवलं?"

काल संध्याकाळी सविता ऊसतोडीच्या टोळीबरोबर मुक्कामाच्या कोपीवरच थांबली होती. सकाळी तोडीला उसाचा नवा फड लागणार होता.

पहाटे पाचच्या सुमारास गव्हाण चालू झाली. रांग तीनशे मीटर सरकली. छगन मागून ओरडला, "हल की लेका, हल! ट्रक घुसतोय!" बजरंगने गिअर टाकला. दगड मागे राहिला हे त्याला पुलावर पोहोचल्यावर कळले. उजाडल्यावर आणू, असे त्याने ठरवले. उजाडायला तेव्हा दीड तास होता.

तो धावत चढावर आला तेव्हा बनुबाईने रविराजच्या डोक्याखाली आपले लुगड्याचे पटकूर घातले होते. कानातून रक्त येत होते. डोळे अर्धे उघडे, पण बघत काही नव्हते.

"बजरंगा, हा दूधवाला हाय रे आपला," बनुबाई म्हणाली. "आत्ता माझ्याकडं अर्धा लिटर ओतून निघणार हुता. लावला म्या फोन एकशेआठला."

रोज सकाळी हाच रविराज ट्रॅक्टरपाशी गाडी हळू करून म्हणायचा, "काय पाव्हणं, अजून हितंच? मतदार यादीत नाव घाला की आमच्या गावच्या." काल बजरंगने त्याला उत्तर दिले होते, "पोरगी बघून ठेव, सोयरीकच करू."

दूध उतारावरून ओघळून गेले होते. त्या ओल्यात दोन दगड होते. एक काळा, ओबडधोबड. दुसरा त्याच्यापासून हातभर अंतरावर, पांढरा, गेरूच्या पट्ट्याचा. मोटारसायकलचे पुढचे चाक दोन्हींच्या मध्ये पडले होते. काळ्या दगडावर दुधाचे ओघळ स्पष्ट दिसत होते. पांढऱ्यावर काही दिसत नव्हते.

कोणी म्हणाले, हलवू नका, गाडी येऊ द्या. सगळे थांबले. सहा एकोणतीसला अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा बनुबाईला फोन आला. तो कारखान्याच्या गेटपाशी अडकला होता. पुढे ट्रक आणि ट्रक, मागे शहरातून येणाऱ्या बस. सायरन ऐकू येत होता, धुईतून, एकाच जागेवरून.

"पुलावर कोण हाय?" कोणीतरी ओरडले. "मागं घ्या म्हणावं!"

पुलावर बजरंगचा ट्रॅक्टर होता. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे येत नाही. मागची ट्रॉली एकीकडे, पुढची दुसरीकडे, आणि कठडा चार फुटांवर. पुढे जायला पुढचा हलायला हवा, आणि त्याच्या पुढचा, आणि त्याच्याही पुढचा. गव्हाण पुन्हा बंद पडली होती. ट्रॅक्टरच्या शेजारी समोरून आलेला एक सिमेंटचा ट्रक अडकला होता आणि त्याच्यामागे आणखी पंधरा.

पावणेसातला बनुबाईने टपरीमागची बाज ओढून आणली. चौघांनी रविराजला तिच्यावर घेतले. बाजेचा उजवीकडचा पुढचा खूर बजरंगने धरला. पुलापर्यंत ते झपाझप गेले. पुलावर थांबावे लागले. सिमेंटचा ट्रक आणि बजरंगची ट्रॉली यांच्यामधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट होती. ऊस ट्रॉलीबाहेर हात-हात आला होता.

"उचलून वरून घ्या!"

"वरून कसं? खाली कालवा हाय, दिसतंय का?"

बजरंगने बाज शेजारच्याकडे दिली, सीटखालचा कोयता काढला आणि स्वतःच्या ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस तो सपासप छाटू लागला. कांड्या पायात पडत होत्या. छगनही कोयता घेऊन आला. दोघे दोन ट्रॉल्यांच्या लांबीभर छाटत पुढे सरकले आणि बाज त्यांच्यामागून तिरकी करून सरकवली गेली. पाचटाची धार रविराजच्या गालावरून गेली. तो हलला नाही. नऊ मिनिटे पुलावर गेली. गेटपाशी अॅम्ब्युलन्समध्ये त्याला ठेवले तेव्हा सात वाजून बारा मिनिटे झाली होती. ती गाडी वळवून चौक पार करून तालुक्याच्या दवाखान्यात कधी पोहोचली, हे बजरंगला नंतर कळले. आठ चाळीसला. अंतर साडेचार किलोमीटर.

हवालदार सहादेव साडेनऊला पायीच आला. जीप त्याने दोन किलोमीटरवर सोडली होती. त्याने चढावर बुटाच्या टोकाने एकेक दगड मोजला. चाक नसलेले, नुसते पडलेले चौदा. तेरा त्याने कडेला लावले. पांढरा हातात घेऊन तो पुलापर्यंत आला.

"हा कोणाचा?"

रांगेतल्या सगळ्यांना माहीत होते.

"बहिरे झाला का रे? रंगवलाय, पट्टा ओढलाय. म्हणजे मालक हाय याला."

"साहेब, दगडाला का आधार कार्ड असतंय?" छगन म्हणाला. दोघे-तिघे हसले. सहादेव हसला नाही.

"पोराचं डोकं फुटलंय. गुन्हा दाखल होणार हाय. संध्याकाळी सातपर्यंत ज्याचा हाय त्यानं स्वतः ठाण्यात यावं. आला तर बरं. न्हाई आला तर मी पट्टा हुडकत फिरीन, आणि मग ट्रॅक्टरसकट आणीन."

ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात लागला की हंगाम संपेपर्यंत निघत नाही, हे बजरंगने दोन वेळा पाहिले होते. त्याच्या ट्रॅक्टरवर दहा कोयत्यांची, म्हणजे दहा जोडप्यांची टोळी होती, वीस माणसे. वाहन नाही तर तोड नाही. मुकादम दुसऱ्या दिवशी त्यांना कोणाच्या तरी मागे लावणार किंवा घरी पाठवणार.

सहादेव गेल्यावर छगन जवळ आला. चेहऱ्यावर हसू नव्हते.

"त्यो काळा माझा हाय," तो हळू म्हणाला.

बजरंगने त्याच्याकडे पाहिले.

"काय बघतो? तू पुढं गेलास, मी घडीभर तुझ्याच जागंवर टेकलो. तुझा हितं राहिला तर माझा कुठं राहील? पन माझ्याला नाव न्हाई. असले काळे वढ्यात हजार. तू शहाणा, रंगवत बसला."

"कशावर गेली असंल गाडी?"

"ते रव्यालाच ठावं." छगन थुंकला. "त्यो उठला तर सांगंल. तू गप ऱ्हा. चार दिवसांत सगळी इसरत्यात. ह्या रांगेत कोन कुनाचा?"

अकराच्या सुमारास सविताचा फोन आला. बातमी फडापर्यंत गेली होती.

"आवं, दूधवाला पडला म्हनं चढावर. खरं हाय का?"

"व्हय."

"कशावरनं?"

"दगडावरनं."

तिच्या मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"आपला कुठं हाय?"

"पेटीत हाय," बजरंग म्हणाला.

"मग बरं," ती म्हणाली. "मला उगंच धसका बसला. जेवा येळवर."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. तो दिवसभर टूलबॉक्सकडे पाहत राहिला. त्यात पाना, जॅक आणि तिने बांधून दिलेली चटणी होती.

दुपारी दोनला रांग हलली. साडेचारला बजरंगच्या ट्रॅक्टरचा काटा झाला. छाटलेल्या उसामुळे वजन कमी भरले. काट्यावरच्या माणसाने विचारले, "वाटेत शेळ्या लावल्या व्हत्या का?" ऊस खाली करून, रिकामा ट्रॅक्टर यार्डाच्या कोपऱ्यात लावून त्याने किल्ली खिशात टाकली. मग बाहेर आला आणि फोन केला.

"सविता, दगड पेटीत न्हाई. सायबानं नेलाय."

ती मग म्हणाली, "मी संगं असते तर उतरले असते."

"तुझ्यावर कशाला घेती?"

"तुमी जानार का?"

"सातपर्यंत बोलावलंय."

"टोळी काय म्हनंल?"

"म्हनंल ते म्हनंल."

"पोरगं कसं हाय?"

त्याला माहीत नव्हते. ते बनुबाईला माहीत असणार होते. पोलीस ठाणे शहरात, कारखान्याच्या डाव्या हाताला; टपरी उजव्या हाताला, पुलापलीकडे. सहाला दहा मिनिटे होती. तो आधी उजवीकडे वळला.

बनुबाईने त्याला पाहून चहा ओतला, पण पैसे घ्यायला नकार दिला. "नगरला न्हेलंय. डोस्क्यात रक्त साकळलंय म्हनं. बाप आला हुता कॅन गोळा करायला. एका कॅनाचं झाकन घावलं न्हाई, तर चार येळा सगळा उतार हुडकला त्येनं. मी म्हनलं, दादा, असू दे झाकान. त्यो म्हनला, उद्या लागंल त्याला."

बजरंगने चहा तसाच ठेवला.

"मावशी, तू काय पाहिलंस का? कुठल्या दगडावर?"

"मला धुईत हात दिसंना माझा." ती गाळणी झटकत राहिली. "आन् बघितलं असतं तरी काय सांगू? सगळी गिऱ्हाइकंच हायती माझी."

तो परत निघाला. अंधारून येत होते, धुई शेतातून वर सरकत होती. चढावर नवी रांग उभी होती, सकाळच्यापेक्षा लांब. वेशीपलीकडे दोन किलोमीटर, असे एक ड्रायव्हर म्हणाला. सकाळी सहादेवने रस्ता साफ केला होता. आता डांबरावर, चाक नसलेले, पुन्हा नऊ दगड होते.

बजरंग वाकला. पहिला त्याने उचलून रस्त्याकडेच्या चारीत टाकला. दुसरा जड होता, तो पायाने ढकलत नेला. समोरून दिव्यांची माळ येत होती आणि तिच्यात मोटारसायकली होत्या, एकामागे एक, अर्ध्या रस्त्यावरून वाट काढत. नववा दगड टाकून तो सरळ झाला, हात झाडले आणि तेवढ्यात पुढे कुठेतरी भोंगा वाजला. गव्हाण चालू झाली होती. "हल! हल!" अशी ओरड मागे मागे गेली. ट्रॅक्टर गुरगुरले, ट्रॉल्या हिसका खाऊन निघाल्या. त्याच्या शेजारची चाके पुढे गेली आणि त्यांच्यामागचे दगड जागेवर राहिले. उजेडात त्याला चार दिसले. त्यापलीकडे धुई होती.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी बनुबाईला नगरहून फोन आला. रविराजला आत नेले होते, तो शुद्धीवर नव्हता. तिने ते बजरंगला ओरडून सांगितले. त्याने ऐकले की नाही, हे तिला कळले नाही.

ठाण्याच्या टेबलावर सातला पांढरा दगड होता आणि सहादेव घड्याळाकडे पाहत होता. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथे कोणी आले नव्हते. चौक बंद होता. चालत निघालेल्यालाही कारखान्यापासून ठाण्यापर्यंत तासभर लागत होता. बजरंग त्या वेळी चढावर होता. त्याच्या हातात नव्या चारांतला तिसरा दगड होता, आणि रांग अजून हलत होती.