परदेशच्या कपाटातली ईद

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि आधीच सांगून टाकते, माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. तो माझा नाही. सात वर्षं मला ज्या कपाटात कोंडलं होतं, त्या कपाटाचा आहे. सोसवला नाही तर नाक धरा, पण गोष्ट पुरी ऐका. माझं नाव ‘टेरेसवरची ईद’. पानं चोवीस, चित्रं अकरा, अक्षरं मोठी.

माझा जन्म चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला. एका गाळ्यात छापखाना होता आणि शेजारच्या गाळ्यात फरसाण तळायचे. म्हणून जन्मतःच माझ्या अंगाला थोडी शाई आणि थोडी शेव असा वास होता. तो आठवला की मला अजून बरं वाटतं. शकुताई आमच्या पाठीला पिना मारायच्या. मला पिन मारता मारता त्या थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “ह्या चेडवाचो फ्रॉक बघ गो, आमच्या प्रांजलासारखोच आसा!” माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

फ्रॉकवाली ती मुलगी म्हणजे हाजरा. तीही चारकोपलाच राहते. रोजे संपत आलेत आणि ती आजोबांचा हात धरून इमारतीच्या टेरेसवर चाँद बघायला जाते. पाण्याची मोठी टाकी मध्ये येते, म्हणून दोघं इकडून तिकडून माना वाकड्या करतात. खाली अब्बा तिच्या कुडत्याला बाही जोडत असतात. अम्मीचं शीरखुर्म्याचं दूध ऐनवेळी नासतं, आणि समोरच्या मालवणकरकाकू स्वतःच्या फ्रीजमधल्या दोन पिशव्या आणून देतात. एवढीच माझी गोष्ट. तिच्यात कुणी कुणाला उपदेश करत नाही. शेवटच्या पानावर अम्मीची शीरखुर्म्याची कृती आहे, ‘मोठ्यांच्या मदतीने करा’ अशा सूचनेसह.

छापखान्यापासून सहा गल्ल्यांवर ‘शांतिदीप’ सोसायटी आहे. तिथे ऑफिसच्या मागच्या खोलीत वाचनालय सुरू झालं आणि मला लिहिणाऱ्या बाईंनी माझी प्रत भेट दिली. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी मला छातीशी धरून फोटो काढून घेतला. “वा! अशीच पुस्तकं हवीत. शेवटी आपण सगळे एकच ना!” असं म्हणून टाळ्याही घेतल्या. त्यांनी नुकताच बटाटेवडा खाल्ला होता. त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग माझ्या पाठीवर कायमचा बसला. आत एवढी अकरा चित्रं होती, पण त्यांनी मला उघडलंसुद्धा नाही. शी!

वाचनालय सांभाळायचे श्यामकांतकाका. जन्मभर कचेरीत आवक-जावक विभागात काढलेले, टापटिपीचे गृहस्थ. माणूस वाईट नव्हे, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना लगेच खलनायक कराल. पण त्यांना दोन सवयी होत्या. पहिली, अंगठा जिभेला लावून पान उलटायचं. याबद्दल जास्त बोलवत नाही. दुसरी सवय म्हणजे त्यांची पद्धत. पुस्तक आलं की आधी खाकी कव्हर, मग पाठीवर नंबर, मग कपाट. देवाधर्माचं, मुलांचं, कादंबऱ्यांचं, पाककृतींचं आणि परदेशचं, अशी पाच कपाटं होती. पुस्तक वाचून कपाट ठरवायचं त्यांना कधी सुचलं नाही. वाचत बसलं तर कामं कधी उरकायची?

त्यांनी माझं मुखपृष्ठ पाहिलं. टेरेस, टाकी, चंद्रकोर आणि गोल टोपीतले आजोबा. “देवाधर्माच्यात नको,” ते स्वतःशीच पुटपुटले. “मुलांच्यात ठेवावं... पण पालक काहीतरी बोलतील. जाऊ दे, परदेशात टाकू.”

घ्या! सहा गल्ल्या चालून आलेलं पुस्तक, आणि परदेशी! माझ्या तोंडावर खाकी कागद चढला, नाव झाकलं गेलं, पाठीवर नुसता नंबर उरला. डावीकडे जगाचा नकाशा, उजवीकडे दुबईच्या सहलीचं एक गुळगुळीत पुस्तक. घामेजलेला सदरा अंगाला चिकटावा तसा तो कागद मला चिकटून बसला. वर कोपऱ्यात डांबरगोळ्या, खाली झुरळांची वस्ती. दर दिवाळीला काका बाहेरून काचा पुसायचे आणि आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे, “आमच्याकडे पुस्तकाला धक्का लागत नाही.” खरं होतं ते. धक्का लागायला कुणीतरी हात लावावा लागतो.

नाही म्हणायला तीन वर्षांपूर्वी एकदा हात लागला, तो उत्तराकाकूंचा. सोसायटीच्या पाककला स्पर्धेसाठी त्यांना काहीतरी वेगळं गोड हवं होतं. दुबईच्या पुस्तकात सापडेल म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि चुकून मी हाती आले. शेवटचं पान बघून त्या खूश झाल्या.

“मग घेऊन जा ना घरी,” काका म्हणाले.

“छे हो! श्रावण चाललाय. हे कुठे घरात ठेवू?” काकूंनी आवाज खाली आणला. “तेवढं पान नेते. तुम्हाला चालेल ना?”

दूध, शेवया, खारीक आणि चारोळी. एवढ्या गोष्टींनी कुणाचा श्रावण बाटणार होता? पण काकांना चाललं. काकूंनी टेबलावरचं ब्लेड घेतलं आणि माझं पान पिनेपासून कापून काढलं. शीरखुर्म्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या. वाटीत चाललं, पोटात चाललं, फक्त पुस्तक तेवढं घरात चाललं नाही. मित्रांनो, झुरळांची मला किळस येते, पण त्या दिवसाइतकी कधी आली नाही.

मग यंदाच्या रमजानमध्ये हुमेरा आली. तिसरीतली, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले. मूळचं चिपळूणकडचं परकार कुटुंब नुकतंच सी विंगमध्ये राहायला आलं होतं, त्यांची ही मुलगी. सोबत तिची आई शाहीन होती. वर्गातल्या किरणबाईंनी सांगितलं होतं की सोमवारी प्रत्येकाने आपल्या घरच्या सणाचं एक पान वाचून दाखवायचं. पाठ करून नाही, पुस्तकातूनच.

“काका, ईदचं पुस्तक आहे का? गोष्टीचं?”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “ईदचं? नाही गं बाळा. तसलं आपल्याकडे नसतं.”

तसलं! किती सहज म्हणाले. पेन नाही, खडू नाही म्हणावं तसं.

“एकदा बघा ना काका. सगळ्यांना मिळालंय. माझंच राहिलंय.”

“अगं, सगळी कपाटं पाठ आहेत मला. दिवाळीचं देऊ? किल्ल्याचं चित्र आहे, झकास!”

हुमेरा हलेना. शाहीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “घे गं ते दिवाळीचं. तेही छानच असतं.” तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. असं ऐकून घ्यायची तिला सवय असावी.

मी चार हातांवर होते. पुस्तकाला ओरडता येत नाही. माझं नाव दिसलं असतं तर त्या पोरीने मला काचेतूनच ओळखलं असतं, पण नावावर खाकी कागद होता. ती दिवाळीचं पुस्तक घेऊन गेली.

तो सोमवार होऊन गेल्यावरच्या रविवारी काकांनी परदेशचं कपाट रिकामं काढलं. नवीन पुस्तकांना जागा हवी होती, आणि आम्हाला कुणी नेत नाही म्हणून आम्ही रद्दी ठरलो. त्यांनी एकेकाचं खाकी कव्हर जपून उतरवलं, कारण ते नव्या पुस्तकांना चाललं असतं. कव्हर राखायचं आणि पुस्तक फेकायचं! मग सुतळीने गठ्ठा बांधला. सगळ्यांत वर मी होते.

तेवढ्यात हुमेरा दिवाळीचं पुस्तक परत करायला आली.

“वाचलंस का वर्गात?” काकांनी कौतुकाने विचारलं.

“हो. मग सगळे म्हणाले, तुमच्याकडे किल्ला करतात? मी नाही म्हटलं.” ती खाली बघत होती. “मग बाई म्हणाल्या, तू तुझ्या घरचं का नाही आणलंस?”

काका काहीतरी बोलणार होते, पण ती खालीच बघत राहिली होती, आणि खाली मी होते.

“काका! हे ईदचं आहे!”

ती फरशीवर बसली. सुतळी सैल करून तिने मला ओढून काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पडलेल्या दातांतून तिचा स सुटत होता. “ह्याच्यात आपला बस डेपो आहे. टाकी पण आपल्यासारखीच आहे. काका, तुम्ही तर नाही म्हणाला होतात.”

“अगं, ते परदेशच्या कपाटात होतं,” काका म्हणाले.

“का?”

सात वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम मोठं मन करून म्हणाले, “असं कर, तूच घेऊन जा. कायमचं ठेव. नाहीतरी रद्दीतच चाललं होतं.”

कोंडताना हक्काने कोंडलं, आणि आता दान करून मोकळे होतात!

“नको,” हुमेरा म्हणाली.

“अगं, पैसे नाही द्यायचे.”

“नको. मुलांच्या कपाटात ठेवा. मग मी नेते आणि परत आणते. मग माझ्या वर्गातली गंधाली नेईल, मिहिर नेईल.”

“बेटा, पालक बोलतात गं...”

“माझी अम्मी पण पालक आहे ना?”

काकांनी पेन घेतलं, माझ्या पाठीवरचा जुना नंबर खोडला आणि मुलांच्या कपाटाचा नवा घातला. सवयीने खाकी कागदही उचलला, पण तिच्याकडे बघून खाली ठेवला. सात दिवसांनी हुमेराने मला खरंच परत आणलं. तेव्हापासून पाच मुलांनी मला नेलंय. त्यातल्या एकाने माझ्यावर चहा सांडला. मला त्याची जराही किळस आली नाही.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकाची काळजी घ्या म्हणजे काचा पुसा, असं मी सांगणार नाही. तुमच्या शाळेत, सोसायटीत जे कपाट असेल ते उघडा. कुणाला न वाचताच कुठे टाकून दिलंय ते बघा आणि त्याला बाहेर काढा. पण हे आजच करा, एखादी मुलगी विचारायला येण्याच्या आधी. माझा नंबर बदलला, माझं कपाट बदललं. हुमेराचा तो सोमवार मात्र काकांना, किरणबाईंना किंवा मला आता परत आणता येत नाही.