रहिमतबी रडत का नाहीत

समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक भोक होतं आणि त्यातून पिवळा फोम बाहेर डोकावत होता—कुणीतरी बोट घालून घालून ते मोठं केलेलं, कडा काळवंडलेल्या—आणि मुबश्शिराची नजर त्याच्यावर जी बसली ती सभागृहातले दिवे गेले तरी हलली नाही. फोमला अब्बा कधी गादी म्हणत नसत. डबलरोटी म्हणत. माणूस झोपला की खाली जाते, उठला की वर येते, कोण झोपलं होतं याची तिला ओळख राहत नाही… कापसाची गादी दोन वर्षांत माणसासारखी होते, कंबर टेकते तिथं दबते, घरातलं कुणी गेलं तरी त्याचा खळगा काही दिवस तसाच राहतो. असं अब्बा गिऱ्हाइकाला सांगत आणि हातातली मोठी सुई न थांबता चालवत. आता अब्बा नव्हते, दुकान नव्हतं, गेल्या थंडीत अम्माही गेली होती, आणि हे सगळं आठवताना आपल्याला काहीच होत नाही हे तिच्या पुन्हा एकदा लक्षात आलं. दात काढल्यावर गालाला हात लावून बघावा तसं ती हल्ली अधूनमधून स्वतःला चाचपून बघायची. गाल असायचा, पण आपला नसायचा.

त्यांच्या गावातल्या जाळपोळीवरचा हा माहितीपट आधी कॉलेजात दाखवणार होते. तिथून नकार आला, मग सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका संस्थेनं हा हॉल दिला. दारात पोलीस, रस्त्यापलीकडे घोषणा देणारी पंचवीस-तीस पोरं. हवालदारानं तिची पर्स उघडायला लावली, जेवणाचा डबा उघडायला लावला, नाव विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यानं एकदा वर पाहिलं आणि हातानंच आत जा म्हणून खुणावलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही. शनिवारचा अर्धा दिवस भरून ती डोळ्यांच्या दवाखान्यातून थेट आली होती. तिथं तिचं काम म्हणजे तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायचे आणि मिटून बसा म्हणायचं. सकाळभर बाकावर माणसं ओळीनं बसलेली, सगळ्यांच्या गालांवरून पाणी ओघळतंय आणि रडत कुणीच नाही.

शोएब, तिचा नवरा, सकाळी म्हणाला होता की कशाला जातेस, जे व्हायचं ते होऊन गेलं. तिनं एवढंच सांगितलं की अम्माचा आवाज आहे त्यात. फोटो पुष्कळ होते, आवाज नव्हता. फोन समोर धरला की अम्मा तोंडावर पदर घ्यायची. ती बोलली ती फक्त या उदयसिंहाच्या कॅमेऱ्यासमोर—सिनेमा काढणारा हा सांगलीचाच पोरगा, नाकीडोळी नीटस, मऊ बोलणारा—आणि हा सिनेमा आज आहे, उद्या कुणी बंद पाडला तर तोही जाईल. म्हणून ती आली होती. आणि आणखी एका गोष्टीसाठी, जी तिनं शोएबला सांगितली नव्हती… अम्मा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. आवाज ऐकला तर येईल, असं तिला वाटलं होतं.

पडद्यावर गाव आलं. साताऱ्यातल्या माणच्या बाजूचं ते गाव तिनं असं आकाशातून कधी पाहिलं नव्हतं. वरून ते कुणाचंही वाटत होतं—पत्रे, बाभळी, कोरडा ओढा. मग तीन वर्षांपूर्वीची ती दुपार आली, लोकांनी मोबाइलवर घेतलेली, हलणारी, तिरकी. कुणा पोराच्या फोनवर कसलंसं चित्र लागलं आणि बाजारातल्या सहा-सात दुकानांवर माणसं चालून आली. अब्बांच्या दुकानातला कापूस पेटला तेव्हा जाळ फारसा दिसला नाही, नुसता धूर. कापूस आतून जळत राहतो. मग त्या धुरातून एक माणूस बाहेर आला, खांद्यावर गुंडाळलेली गादी, शर्टाची वरची बटणं तुटलेली. तानाजी. शेजारच्या दगडामावशीचा मुलगा. निवेदनात शब्द आला—लूट. मागच्या रांगेत कुणीतरी बघ बघ म्हणालं, शेवटच्या रांगांतून कुणी शिटी मारली, कुणी त्याला गप्प केलं. मुबश्शिरा त्या तुटलेल्या बटणांकडे बघत राहिली.

आणि मग अम्मा.

केवढी मोठी अम्मा! खाली पट्टीवर नाव, रहिमतबी. कपाळावरची गोंदणाची हिरवी खूण तळहाताएवढी. सांगलीच्या घरात, खिडकीपाशी बसलेली. मुबश्शिरानं वाट पाहिली.

"आमचं काय न्हाई बाबा," अम्मा म्हणाली. "लग्नसराई हुती, गाद्या लय शिवून ठेवल्या हुत्या. ग्येलं सगळं. दगडाच्या सोनमची गादी तेवढी द्यायची ऱ्हायली. पोरगी तशीच सासरला ग्येली. त्येवढं वाईट वाटतं बघा."

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. बऱ्याच जणांनी चुकचुकल्यासारखा आवाज केला. कॅमेऱ्यामागून उदयसिंहानं विचारलं, तुम्हाला त्या लोकांचा राग येतो का? आणि अम्मा गप्प झाली. मान किंचित वळवून एका बाजूला बघत राहिली, ओठ मिटलेले, डोळे कोरडे, आणि त्या गप्प बसण्यावर हळूच सारंगी सुरू झाली. शेजारच्या खुर्चीवर संयोगिता नावाच्या प्राध्यापिका होत्या—सुरुवातीला त्यांनी आपणहून ओळख करून दिली होती—त्यांचा हुंदका फुटला. अंधारात चाचपडून त्यांनी मुबश्शिराचा हात धरला आणि घट्ट दाबला.

आणि मी… मला आठवत होतं दूध. गॅसवर दूध ठेवलेलं, या सिनेमावाल्यांच्या चहासाठी. अम्माचा कान तिकडे होता. तिनं मान वळवली ती स्वयंपाकघराकडे. मुबे, दूध, असं ती म्हणालीही होती आणि मी आतून म्हणाले होते, बघते मी. दोन्ही आवाज कापून त्यांनी सारंगी घातली होती. प्रश्न तिनं ऐकलाच नव्हता. नंतर तिनं तो परत विचारायला लावला आणि भलतंच लांबलचक उत्तर दिलं, बहुतेक सगळं दगडामावशीबद्दल—जमाव गल्लीत शिरायच्या आत मावशीनं आम्हा तिघांना कसं हाताला धरून मेंढरांच्या छपरात कोंबलं, पुढं मेंढरं उभी केली, आणि स्वतः दारात कशी बसली. त्यातलं काही पडद्यावर आलं नाही. मावशी कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती, मुलगा जमावात होता म्हणून. आणि तिच्याशिवाय ती गोष्ट अर्धवट वाटते, असं उदयसिंहानं तेव्हाच सांगितलं होतं.

आवाज ऐकून झाला होता. रडू आलं नव्हतं. हात मात्र संयोगिताबाईंच्या हातात घामेजत होता.

दिवे लागले, चर्चा सुरू झाली. पांढऱ्या शर्टातला एक साठीचा गृहस्थ उभा राहिला. शांतपणे बोलत होता, तयारी करून आल्यासारखा. सगळा सिनेमा एकतर्फी आहे, पैसा कुठून आला ते सांगा, वगैरे झाल्यावर तो म्हणाला, "आणि ती म्हातारी. ज्याचं घर जळतं तो माणूस रडतो. ही रडत का नाही? पढवून बसवलेली बाई आहे ती, दुसरं काय?"

टाळ्या वाजल्या, आरडाओरडाही झाला. एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली की त्या आजींचं न रडणं हाच त्यांचा प्रतिकार आहे. तिलाही टाळ्या पडल्या, जास्त पडल्या. उदयसिंहानं त्या मुलीकडे कृतज्ञतेनं पाहिलं. लोक एकमेकांवर बोलू लागले. कुणी राज्यघटना काढली, कुणी देशद्रोह काढला. मुबश्शिराला वाटलं, आपण उठावं. वाक्य तयार होतं, अगदी साधं—ती माझी आई, तिचं दूध गॅसवर होतं. पण हे वाक्य या हॉलमध्ये कुठं ठेवायचं? तो गृहस्थ म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं? ती मुलगी हिरमुसेल. अम्मा एकाला खोटी हवी होती, दुसरीला मोठी हवी होती, आणि दूध कुणालाच नको होतं. तिनं हात अलगद सोडवून घेतला, बाथरूमला जाते असं पुटपुटली आणि बाहेर पडली.

बाहेर अजून ऊन होतं. घोषणा देणारी पोरं दमून सावलीला बसली होती. फाटकापासून थोडं पुढं, उसाच्या रसाच्या गाड्याआड एक माणूस उभा होता, तो पुढं झाला.

"आक्का. आवं, मी तानाजी."

जाड झाला होता, दाढी वाढलेली. सकाळच्या एसटीनं आलो, म्हणाला. आत जायचं होतं, पण पोलीस नावं विचारत होते, म्हणून धीर झाला नाही. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, फाटकाकडे बघत होता.

"मी दिसतोय का त्यात?"

"दिसतोस."

"कसा?"

"गादी घेऊन निघालायस."

त्यानं मान हलवली.

"समद्यांच्या संगं ग्येलो हुतो, खोटं बोलत न्हाई. पर आत ग्येलो तर ती दिसली. निळ्या खोळीची. सोनमचीच. म्हनलं, ही तरी ऱ्हाऊ दे."

म्हणजे जळली नव्हती. मुबश्शिरानं त्याला विचारलं, सोनमला दिलीस का?

"कुठली देतोय. आयनं घरात घेऊ दिली न्हाई. म्हनलं, मग छपरात टाकतो, तर तिथंबी आडवी पडली. दारातच बसलेली. शिव्या दिल्या, दगड घ्येतला हातात. भायेरच टाक म्हनली, आत पाय ठेवायचा न्हाई. का, ते मला तवा कळलं न्हाई. लय दिसांनी कळलं."

तिला ते ऐकू आलेलं होतं. मेंढरांच्या उबट वासात, अब्बांच्या तोंडावर आपला हात दाबून धरलेला असताना, पत्र्यापलीकडे मावशीचा आवाज—आत पाय ठेवायचा न्हाई. जमावातलं कुणीतरी, असं ते तिघं समजले होते. तानाजी होता. खांद्यावर गादी घेऊन. हाताच्या अंतरावर.

"चाचीला सांगा," तो म्हणाला, "गादी जळली न्हाई म्हनून. मला यायला तोंड न्हाई. तुमी सांगा."

"अम्मा गेली, तानाजी. थंडीत."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. गाड्यावरच्या चरकाची घुंगरं वाजत होती. मग अगदी खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "आत लोक चाचीबद्दल बोलत असत्याल. तुमी काय म्हनला?"

"काही नाही."

येतो म्हणून तो स्टँडच्या दिशेनं गेला. जाताना एकदाही वळला नाही.

ती चालू लागली. रिक्षावाल्यानं विचारलं, तिनं नको म्हटलं. काही नाही. मी काही म्हणाले नाही. ना आत, ना याला. त्याला काय म्हणायचं होतं… की तू वाचवलीस? की तू गेलास कशाला? दोन्ही खरं होतं आणि दोन्ही तोंडातून निघालं नव्हतं. आणि अम्मा—सगळं गेलं त्याचं काही नाही म्हणणारी, एका गादीचं तेवढं वाईट वाटून घेणारी, ते वाईट वाटणं बरोबर घेऊन गेलेली—तिला एवढंसं कळवायला तीन वर्षांत एक माणूस आला नाही. सातारा-सांगली असं किती लांब आहे? तो आला नाही. मावशीनंही कळवलं नाही. कॅमेरा घेऊन आले त्यांनी तिची मान वळलेली तेवढी ठेवली. आणि मी त्या अंधारात एका परक्या बाईच्या हातात हात देऊन बसले, शहाण्यासारखी.

पावलं आपोआप जोरात पडत होती. छातीच्या खाली, डाव्या बाजूला, काहीतरी कढत होतं, आधी तिला ती भूक वाटली, डबा खायचा राहिला होता म्हणून. पण भूक नव्हती. ओळखायला तिला थोडा वेळ लागला, इतक्या दिवसांत गाठ पडली नव्हती म्हणून. राग होता तो. कुणावर, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तानाजीवर धरावा तर तो गादीसकट समोर येत होता, त्या पांढऱ्या शर्टावर धरावा तर तो पुरा पडत नव्हता, आणि अम्मावर… अम्मावरही होता थोडा. रडू नव्हतं. तिनं पावलं हळू केली, अगदी हळू, भरलेलं भांडं घेऊन चालावं तशी, कारण घरी पोचेपर्यंत तो सांडू नये असं तिला फार वाटत होतं.